टाकी कोण रिकामी करणार?



२०२४ च्या मे महिन्यात आम्ही कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, लेक ईरीच्या काठाजवळच्या एका खाजगी कॅम्पग्राउंडवर हंगामापुरती जागा घेतली आणि तिथे एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर उभा केला. चळवळीतल्या मित्रांना हे कळले तेव्हा पहिली प्रतिक्रिया थट्टेची होती. "काय राव, बेघरांमध्ये काम करता आणि सुट्टीसाठी दुसरे घर घेता?" दुसरी जरा टोचणारी होती. "हे गोऱ्यांचे चोचले आपल्याला कशाला?"

थट्टेला उत्तर देण्याची गरज नाही, टोचणीला आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. कारखान्यातल्या कामगाराला पगारी सुट्टी आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा हे कायदे त्याच काळातले. विश्रांती हा कामगाराचा हक्क आहे हे ज्यांनी कायद्यात आणले, त्यांच्या लेकरांनी विश्रांती घेताना ओशाळण्याचे कारण नाही. आमच्या आईवडिलांची उभी हयात बांधकामावर गेली. 'सुट्टी' म्हणजे काम न मिळालेला दिवस, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आमच्या घरात होता. म्हणून आई सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आली तेव्हा तिला तळ्याकाठी नेऊन बसवायचे असे आम्ही दोघांनी ठरवले होते. आमच्या बजेटमध्ये कॉटेज बसत नव्हते. चोवीस फुटी, दुसऱ्या मालकाच्या हातून आलेला ट्रेलर बसला.

वाचकांपैकी बहुतेकांनी ट्रॅव्हल ट्रेलर पाहिला नसेल, म्हणून थोडे सांगतो. हे चाकांवरचे घर असते, इंजिन नसलेले. ट्रक त्याला ओढत आणतो. आत पलंग, गॅस, फ्रीज, मोरी, संडास. हंगामी जागेवर तो मे ते ऑक्टोबरपर्यंत एकाच ठिकाणी उभा असतो. हिवाळ्यात इथली जमीन गोठते, उथळ पुरलेल्या पाइपांत पाणी ठेवता येत नाही, म्हणून कॅम्पग्राउंडच बंद होते. वर्षभर राहायला परवानगी नसते. करार करताना दुसरीकडे कायमचा पत्ता असल्याचा पुरावा द्यावा लागतो. (आमच्या निवाऱ्यात येणारे लोक अनेकदा विचारतात, "ट्रेलर घेऊन कॅम्पग्राउंडवर राहता येईल का?" ज्याला घर नाही त्याला हे घर मिळत नाही, एवढे त्यांना सांगावे लागते.)

उभा करण्याचे काम सोपे वाटले होते. नव्हते. कॅम्पग्राउंडच्या माणसाने ट्रॅक्टरने ट्रेलर मागे ढकलत जागेवर आणून दिला आणि तो निघून गेला. जमीन डावीकडे उतरती होती. आम्ही मोबाईलवर व्हिडिओ लावून बसलो. आई शाल गुंडाळून खुर्चीवर बसली होती. ती उठली, ट्रेलरभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "पाणसळ आणली काय?"

पाणसळ होती. पस्तीस वर्षे गवंड्याच्या हाताखाली काम केलेल्या बाईने मग आम्हाला कामाला लावले. आधी आडवी पातळी, मग उभी, हा क्रम व्हिडिओतही तोच होता, पण तिला तो व्हिडिओ कळण्याची गरज नव्हती. उताराकडच्या चाकांखाली फळ्या घालून ट्रेलर त्यावर चढवायचा. चाकांना पुढून-मागून पाचर मारायची. त्यानंतरच पुढच्या दांड्याखालचा जॅक फिरवून पुढची बाजू वर-खाली करायची. शेवटी चार कोपऱ्यांचे जॅक खाली सोडायचे. ते नुसते हलणे थांबवायला असतात, त्यांच्यावर ट्रेलर उचलायचा नसतो. आम्ही उचलायला गेलो तेव्हा आईच ओरडली. इतके काटेकोर कशासाठी? तर या ट्रेलरमधला फ्रीज गॅसवरही चालतो आणि त्याच्या आतल्या नळ्यांत अमोनियाचे द्रावण उतारानेच फिरते. ट्रेलर कलता राहिला तर फ्रीज थंड होत नाही आणि कायमचा बिघडू शकतो.

वीज त्यामानाने सरळ. खांबावरचा खटका आधी बंद, मग तार जोडायची, मग खटका चालू. ३० अँपिअर आणि १२० व्होल्ट म्हणजे ३६०० वॅट. एसी, मायक्रोवेव्ह आणि चहाची इलेक्ट्रिक किटली एकदम लावली की अंधार. गॅसच्या जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहायचे, हे आईला आपल्या सिलिंडरमुळे माहीत होते. पाण्याच्या जोडणीत मात्र आमची फजिती झाली. नळाला दाब कमी करणारा तुकडा लावला, पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी लावली, टाकी ब्लीचच्या पाण्याने धुऊन घेतली, आणि या सगळ्या शहाणपणानंतर गरम पाण्याची टाकी भरण्याआधीच तिचे बटण दाबले. कोरड्या टाकीतले कॉइल मिनिटाभरात जळाले. पहिला आठवडा आम्ही पातेल्यात पाणी तापवून अंघोळ केली. "कॅनडात येऊन तेच," आई म्हणाली आणि हसली. ते दिवस चांगले होते.

आता मुद्द्याकडे येतो.

ट्रेलरच्या पोटात सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. एकीत मोरीचे आणि भांड्यांचे पाणी जाते, दुसरीत संडासाची घाण. जमिनीतल्या मैल्याच्या पाइपाला एक जाड, घड्यांची नळी जोडलेली असते. नवशिक्यांना वाटते, नळी जोडलेलीच आहे तर झडप उघडी ठेवावी, जाईल तसे जाईल. तसे केले तर पाणी वाहून जाते आणि घट्ट मैला आत साचून दगड होतो. म्हणून झडप बंद ठेवायची, टाकी दोन-तृतीयांश भरली की उघडायची. आधी संडासाची, मग मोरीची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. हातात रबरी मोजे, नळीला उतार, शेवटी पाणी. दहा मिनिटांचे काम. टाकी किती भरली हे सांगणारा आतला दिवा मात्र सतत खोटे बोलतो. कागदाचा तुकडा चिकटला की रिकामी टाकीही 'भरलेली' दिसते.

पहिल्यांदा आम्ही मोजे चढवून झडप उघडली तेव्हा आई पाहत होती. नळीतून काय वाहते आहे हे कळताच ती उठली. पाणसळ धरणारी, साबणाचे बुडबुडे पाहणारी बाई गप्प झाली. संध्याकाळी जेवली नाही. रात्री म्हणाली, "याच्यासाठी शिकवलं काय तुले? तुह्या आज्यानं मेलेलं ढोर ओढणं सोडलं. गावानं दाणापाणी बंद केलं, तरी हाती धरलं नाई. अन् तू एवढ्या दूर येऊन हे धरतं?"

आमचे आजोबा १९५६ ला नागपूरला दीक्षाभूमीवर होते. परतल्यावर त्यांनी गावकीचे काम सोडले. पुढे काय झाले ते विदर्भातल्या कोणत्याही बौद्ध घराला सांगण्याची गरज नाही.

आम्ही समाजशास्त्राचे एम.ए. आम्ही आईला समजावू लागलो. इथे प्रत्येक जण आपली टाकी स्वतः रिकामी करतो. शेजारचा निवृत्त डॉक्टर करतो, पलीकडचा ट्रकचालक करतो, त्याची बायकोही करते. ज्या जागांवर मैल्याचा पाइप नाही तिथे शोषण-पंपाची गाडी येते. ती चालवणारा कॉलेजातला पोरगा दुपारी सगळ्यांच्या बाकावर बसून सँडविच खातो. घाणीला जात नाही, हेच तर बाबासाहेब सांगत होते. आम्ही बरेच बोललो. आईने ऐकून घेतले आणि एका वाक्यात निकाल लावला. "गोऱ्यानं केलं तर त्याले कोणी काई म्हणत नाई. तू केलं तर म्हणतीन."

तिचे म्हणणे आम्ही जुन्या पिढीची भीती म्हणून बाजूला ठेवले. जुलैपर्यंत.

जुलैतल्या एका रविवारी ओळखीची तीन मराठी कुटुंबे तळ्यावर आली. मोठ्या हुद्द्यावरची माणसे, गणपतीत भेटणारी, बोलायला गोड. आडनावावरून आमच्याविषयी जे कळायचे ते त्यांना पहिल्याच भेटीत कळलेले असावे, पण तो विषय कधी निघाला नव्हता. दिवसभर बारा-चौदा माणसांनी आमचा संडास वापरला. चारच्या सुमारास टाकी खरोखरच भरली. आम्ही मोजे चढवून खाली वाकलो. शेगडीभोवती कणसे भाजणे चालू होते. तिथून एक जण हसत म्हणाला, "वा! भंगीकाम पण शिकलात! तुम्हाला काय, सोपं जात असेल."

'तुम्हाला' म्हणजे कोणाला? ट्रेलरवाल्यांना? की आणखी कोणाला? शब्द असा ठेवायचा की विचारले तर विचारणाराच संशयी ठरावा, ही या मंडळींची जुनी कला आहे. सगळे हसले. खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. बेघरांच्या हक्कांसाठी नगरपालिकेच्या सभेत भांडणारे आम्ही, गुडघ्यावर बसून, हातात नळी धरून हसलो. आईने कणीस ताटात ठेवले आणि ती आत गेली.

रात्री नऊ वर्षांच्या मुलीने विचारले, "बाबा, भंगीकाम म्हणजे काय?" जन्मावरून ज्यांच्यावर हे काम लादले गेले त्यांना हिणवण्यासाठी वापरतात तो शब्द, असे सांगितले. ती म्हणाली, "मग तुम्ही का हसलात?"

या प्रश्नावर आम्ही आणि आमच्या सहचारिणीने अनेक रात्री काढल्या. त्यातून जे हाती आले ते इथे मांडतो, कारण परदेशात गेलेल्या आणि जाऊ पाहणाऱ्या आपल्या तरुणांपुढे हा प्रश्न आज ना उद्या येणार आहे.

परदेशातल्या सवर्ण मंडळींचे एक आवडते पुराण आहे, श्रमप्रतिष्ठेचे. 'इथे आम्ही स्वतः संडास धुतो, स्वतः गवत कापतो, कामाची लाज नाही.' हे ते अभिमानाने सांगतात. पण तीच माणसे पुण्याला उतरली की चौथ्या दिवशी संडास धुणारी बाई आली नाही म्हणून घर डोक्यावर घेतात. घाणीला हात लावल्याने जात जात असती तर ती कधीच गेली असती. त्यांनी हात लावला की तो छंद होतो, फोटो निघतो. आमचा हात लागला की जुना हिशेब उघडतो. काम एकच, नळी एकच, मोजेही एकाच दुकानातले.

बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये १९३६ सालीच सांगून ठेवले की जात म्हणजे नुसती कामांची वाटणी नव्हे, काम करणाऱ्या माणसांचीच ती उतरंड लावून केलेली वाटणी आहे. कामे अदलून-बदलून ती उतरंड हलत नाही. १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरच्या ग्रंथात मैला उचलण्याच्या कामाला सेवेचे, पावित्र्याचे मोठेपण देण्याच्या गांधींच्या भूमिकेवर त्यांनी कडाडून टीका केली. ज्याच्या गळ्यात हे काम जन्माने बांधले आहे त्याला ते पवित्र आहे असे सांगणे म्हणजे दोरी आणखी आवळणे. आम्ही आईला जे व्याख्यान दिले ते, आता लक्षात येते, गांधींच्या बाजूचे होते. तिचे उत्तर बाबासाहेबांचे होते.

मग या कॅम्पग्राउंडवर डॉक्टरला लाज का वाटत नाही? गोऱ्या माणसाचे मन मोठे आहे म्हणून? अजिबात नाही. आमच्या जागेपासून थोड्या अंतरावर सफरचंदाच्या बागा आणि भाजीची शेते आहेत. तिथे जमैका आणि मेक्सिकोचे मजूर हंगामापुरते आणले जातात. ही सरकारी योजना १९६६ पासून चालू आहे. जास्तीत जास्त आठ महिने, मालकाने दिलेल्या खोलीत, आणि परवाना त्या मालकाशी बांधलेला. आम्हीही हंगामी, तेही हंगामी. आम्ही पैसे भरून ट्रेलरमध्ये झोपतो, ते घाम गाळून एका खोलीत कित्येक जण झोपतात. शनिवारी किराणा दुकानात दोघेही भेटतो. आपल्याकडे बीडहून कोयता घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या आणि उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोप्या घालणाऱ्या कुटुंबांची आठवण आईला त्यांच्याकडे पाहूनच झाली. तेव्हा या देशाला न्यायाचे प्रमाणपत्र द्यायला आम्ही बसलेलो नाही.

फरक झडपेत आहे. कोणीतरी बसून अशी टाकी, असा उतार, अशी नळी घडवली की माणसाच्या कातडीला मैला लागूच नये. कारण ती टाकी डॉक्टरलाच रिकामी करावी लागणार होती. ज्या समाजात मैला दुसऱ्याच जातीने उचलायचा हे ठरलेले आहे, तिथे झडप कोण शोधणार? चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशात गटारात अजून माणूस उतरतो, याचे कारण तंत्रज्ञानाचा अभाव नाही. उतरणारा माणूस फुकट मिळतो, हे कारण आहे. १९९३ चा कायदा झाला, २०१३ चा झाला. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये संरक्षणाविना माणूस उतरवणे गुन्हा ठरले. सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृताच्या कुटुंबाला १० लाख द्या म्हटले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. भरपाई तिप्पट झाली. माणूस उतरतोच आहे. आणि उतरणारा कोणत्या वस्तीतला असतो, हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

इथे आपल्यालाही एक गोष्ट ऐकावी लागेल. आमच्या आजोबांनी ढोर ओढणे सोडले, त्या बंडावर आमच्या चार पिढ्या उभ्या आहेत. पण मैल्याचे काम ज्यांच्या माथी मारले गेले त्या वाल्मीकी, मेहतर बांधवांच्या लढ्यात आपण किती जण उभे राहिलो? 'आपण त्यातले नव्हतो' हे वाक्य आम्ही आमच्याच घरात ऐकले आहे. जुलैतल्या त्या रविवारी झोंबले ते नेमके काय, हे स्वतःला विचारल्यावर जे उत्तर आले ते सुखाचे नव्हते. त्या शब्दाने त्या बांधवांचा अपमान झाला याचा राग आधी आला नाही. तो शब्द आम्हाला लावला, याचा आधी आला. 'आम्ही त्यातले नाही' हीसुद्धा उतरंडीचीच पायरी आहे, आणि आम्ही तिच्यावर उभे होतो.

ओंटारिओच्या मानवाधिकार आयोगाने ऑक्टोबर २०२३ मध्ये जातिआधारित भेदभावावर आपली भूमिका जाहीर केली आहे. नोकरी, घर, सेवा यांत जातीवरून भेदभाव झाला तर प्रांताच्या मानवाधिकार संहितेखाली दाद मागता येते. इथल्या आपल्या तरुणांनी ती वाचून ठेवावी. पण शेगडीभोवतीच्या हसण्याला आयोग पुरत नाही, तिथे तोंडच उघडावे लागते. आम्ही उशिरा उघडले. ऑगस्टच्या शेवटी त्या गृहस्थांना मराठीत सविस्तर लिहिले. तो शब्द कोणाविषयी आहे, त्या कामात माणसे कशी मरतात, आम्ही त्या दिवशी हसलो ही आमची चूक कशी झाली, आणि यापुढे आमच्या ट्रेलरपाशी तो शब्द चालणार नाही. उत्तर दोन दिवसांनी आले. "अरे, तसं म्हणायचं नव्हतं. आमच्याकडे सगळेच असं बोलतात." दुसरे वाक्य पूर्ण खरे आहे. सोबत आलेल्या एका कुटुंबातल्या ताईंनी मात्र आपणहून फोन केला आणि बराच वेळ बोलल्या. त्यांच्या लहानपणी पुण्याच्या वाड्यात मागच्या बोळातून येणाऱ्या बाईचे नावसुद्धा त्यांना कधी कळले नव्हते, असे म्हणाल्या. आम्ही ऐकले.

हंगाम संपला तो नेमका १४ ऑक्टोबरला. कॅनडातला थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतो आणि २०२४ मध्ये तो धम्मचक्र प्रवर्तन दिनावर आला. सकाळी ट्रेलरच्या छोट्या टेबलावर आईने बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. त्रिसरण, पंचशील झाले, मग बावीस प्रतिज्ञा. बाहेर पाने गळत होती आणि शेजारपाजारचे लोक नळ्या गुंडाळत होते.

मग शेवटची टाकी. आम्ही मोजे चढवले. आई यावेळी आत गेली नाही. ती खुर्ची घेऊन बसली, नळीला उतार बरोबर नाही म्हणाली, आणि मधल्या टेकूखाली एक फळी सरकवायला लावली. हात तिने लावला नाही. आम्हीही लाव म्हटले नाही. पाणी निथळल्यावर पाइपांत हवा सोडून ते कोरडे केले, मोऱ्यांत ते गुलाबी द्रव ओतले, म्हणजे थंडीत पाइप फुटत नाहीत. खांबावरचा खटका बंद केला.

आई ऑक्टोबरअखेर परतली. पुढच्या हंगामाची आगाऊ रक्कम आम्ही भरली आहे. परवा फोनवर तिने विचारले, तिकडे बर्फ पडला काय, अन् ते गुलाबी पाणी संडासाच्या नळीत टाकलं होतं ना, की विसरले?